श्रीलंकेतून सैन्य परत आणायला दहा महिने का लागले?

मनमाड : परदेशात चाललेल्या युद्धाची बातमी मोबाइलवर आली की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. एवढं जड जातंय, रोज माणसं मरतायत, तर मग सैन्य परत का बोलवत नाहीत? अमेरिकेबद्दल हा प्रश्न आपण अफगाणिस्तानच्या वेळी वीस वर्षं ऐकला. त्याआधी रशियाबद्दल ऐकला होता. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर साधं नाही, आणि ते शोधायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. हा घोळ आपल्या देशानं स्वतः भोगलाय. साल १९८७ ते १९९०, ठिकाण श्रीलंका. ज्यांचं वय आज पन्नाशीच्या पुढं आहे त्यांना रेडिओवरच्या बातम्यांतलं 'शांतिसेना' हे नाव आठवत असेल.

गोष्ट थोडक्यात अशी. श्रीलंकेत सिंहली बहुसंख्य, तर उत्तर-पूर्वेला तमिळ. तमिळांवर अन्याय होत होता, त्यातून हत्यारबंद संघटना उभ्या राहिल्या आणि त्यातली सगळ्यात कडवी प्रभाकरनची 'एलटीटीई'. या संघटनांना सुरुवातीला भारतातच आसरा आणि प्रशिक्षण मिळालं होतं, हेही इथं सांगून टाकलेलं बरं. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ भागाला अधिकार मिळणार, संघटना हत्यारं खाली ठेवणार आणि हे सगळं नीट पार पडावं म्हणून भारताचं सैन्य तिथं जाणार, असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. कराराबद्दल तिथं किती राग होता ते तेव्हाच दिसलं होतं.

गेलो होतो शांततेसाठी. दोन-सव्वादोन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, आपलं सैन्य एलटीटीईशीच लढत होतं. जाफना विद्यापीठात रात्री हेलिकॉप्टरनं उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीतले तीस पैकी एकोणतीस जवान एकाच झुंजीत गेले. महाराष्ट्रातली पोरंही त्या लढाईत होती, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या आणि महार रेजिमेंटच्या पलटणी तिथं लढल्या. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महारचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावली, त्याला टिपलं आणि मग प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पुढं तिथल्या आपल्या सैनिकांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली आणि अडीच वर्षांत सुमारे १,२०० जवान शहीद झाले.

दोन भावांचं बांधावरून भांडण लागलेलं असताना मध्ये पडणाऱ्याचं काय होतं, हे गावात कुणाला सांगायला नको. दोघांचाही मार तोच खातो. तमिळांना वाटलं, हे आपल्याला वाचवायला आले आणि आपल्यावरच बंदुका रोखल्या. त्यांचा राग फुकाचा नव्हता. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या कारवाईत रुग्ण आणि कर्मचारी मारले गेले, ते तिथले लोक आजही विसरलेले नाहीत. सिंहलींना वाटलं, हा मोठा शेजारी घरात घुसला. दक्षिणेत 'जेव्हीपी' या संघटनेनं बंड केलं आणि भारतीय मालावर बहिष्काराची हाक दिली. (आपल्या कांद्याला तिथं आजही 'बॉम्बे अनियन' म्हणतात, म्हणजे बहिष्काराची झळ कुठवर पोहोचू शकते ते आपल्या भागातल्या माणसाच्या लगेच लक्षात येईल.) तमिळनाडूत वेगळा संताप होता. आणि उरलेल्या देशाला? खरं सांगायचं तर फारसं काही वाटत नव्हतं. १९८९ ची निवडणूक बोफोर्सवर गाजली, श्रीलंकेवर नाही.

"जुलैअखेर निघा"

१९८९ च्या सुरुवातीला श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. भारतीय सैन्य घालवीन, हे त्यांचं जाहीर वचन होतं. १ जून १९८९ रोजी त्यांनी जाहीर सांगितलं की जुलै संपायच्या आत भारतीय सैन्यानं जावं. ज्या देशाच्या विनंतीवरून आपण गेलो, तोच देश चालते व्हा म्हणू लागला. त्याच सुमारास ते एलटीटीईशी बोलणीही करत होते, आणि भारताच्या सैन्याविरुद्ध त्यांनी एलटीटीईला हत्यारं पुरवली हे नंतर उघड झालं.

मग लगेच का नाही निघालो?

दिल्लीचं म्हणणं असं होतं की करार दोन देशांचा आहे. तमिळ भागाला अधिकार द्यायचे, तिथल्या लोकांना सुरक्षा द्यायची हे तुमच्या बाजूचं काम अर्धवट आहे, ते आणि आमची माघार बरोबरीनं होईल. कागदावर मुद्दा बिनतोड होता. मला तो आजही चुकीचा वाटत नाही. पण ज्याच्या घरात आपण उभे आहोत तोच नको म्हणत असेल तर अटी घालायला हातात उरतं काय? मोठ्या देशाला शेजाऱ्यानं तारीख देऊन बाहेर काढलं असं दिसू नये, ही खरी अडचण होती. तोंडावर निवडणूक होती आणि बाराशे घरांना आपला मुलगा कशासाठी गेला हे सांगायचं होतं.

शेवटी तोडगा निघाला तो असा की २९ जुलैला, म्हणजे कराराच्या दुसऱ्या वर्षदिनी, सुमारे सहाशे जवान जहाजानं परत आले. एवढ्या मोठ्या सैन्यातले फक्त सहाशे. दोन्ही सरकारांना आपापल्या लोकांसमोर बोलायला जागा झाली.

पण त्या मधल्या दिवसांत लढाई थांबली नव्हती, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. जायचं हे ठरलंय, फक्त तारखेचा वाद चाललाय आणि तिकडं जवान गस्त घालतायत. २ ऑगस्ट १९८९ ला वल्वेट्टितुराई या गावात एलटीटीईच्या हल्ल्यात सहा जवान गेले. त्यानंतर त्या गावात पन्नासहून जास्त नागरिक मारले गेल्याची नोंद तिथल्या लोकांनी करून ठेवली; भारताच्या बाजूनं ते गोळीबारात मध्ये सापडले असं सांगण्यात आलं. हे सहा जवान आणि ते गावकरी माघारीची बोलणी चालू असताना गेले.

१८ सप्टेंबर १९८९ ला दोन्ही देशांत करार झाला. २० तारखेपासून आपल्या सैन्याच्या कारवाया थांबल्या आणि ३१ डिसेंबरपर्यंत सैन्य काढून घ्यायचा प्रयत्न करायचं ठरलं. डिसेंबरात दिल्लीत सरकार बदललं, व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले. त्यांनी ओढाताण न करता काम पुरं केलं आणि २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली.

इथं एक गोष्ट दिसते ती जगभर दिसते. ज्यानं सैन्य पाठवलं त्याच्या हातून ते क्वचितच परत येतं. व्हिएतनामात जॉन्सननं लाखांनी सैनिक नेले, परत आणले निक्सननं. अफगाणिस्तानात ब्रेझनेव्हनं पाठवले, गोर्बाचेव्हनं काढले. अमेरिकेचं तेच, बुशनं पाठवले, ट्रम्पनं दोहात करार केला आणि बायडेनच्या काळात ऑगस्ट २०२१ मध्ये शेवटचं विमान उडालं. राजीव गांधींच्या काळात निदान माघारीचा करार तरी झाला, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

मागे राहिले त्यांचं काय?

सैन्य तिथं असताना उत्तर-पूर्व प्रांतात निवडणूक होऊन वरदराजा पेरुमल मुख्यमंत्री झाले होते. भारताच्या पाठबळावर उभं राहिलेलं हे सरकार. आपण गेल्यावर ते टिकावं म्हणून घाईघाईत एक स्थानिक सेना उभी केली गेली. त्यात कोवळी पोरं घरातून, रस्त्यातून उचलून जबरदस्तीनं भरती केलेली होती. धड प्रशिक्षण नाही, लढायची इच्छा तर नाहीच. आपलं सैन्य एकेक जिल्हा सोडत गेलं तशी एलटीटीई मागोमाग आत येत गेली. आधी अंपारा, मग बट्टिकलोआ. ही पोरं कुठं मारली गेली, कुठं पळाली, कुठं शरण गेली. मार्च १९९० मध्ये पेरुमल भारतात निघून आले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना जूनमध्ये मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह गोळ्या घालून मारलं.

रशियाशी तुलना करून बघा. फेब्रुवारी १९८९ मध्ये रशियाचा शेवटचा जनरल पूल ओलांडून परत गेला, तरी काबूलचं नजीबुल्ला सरकार १९९२ पर्यंत टिकलं, कारण मॉस्कोहून पैसा आणि हत्यारं येत राहिली. रसद तुटली तेव्हा ते पडलं. २०२१ मध्ये तर अमेरिकेचं शेवटचं विमान उडायच्या आधीच काबूल पडलं होतं. म्हणजे सैन्य गेल्यावर मागच्यांचं काय होणार हे मागून काय पुरवलं जातं आणि मागे उभं केलेलं आपल्या पायावर उभं आहे का, यावर ठरतं. आपण श्रीलंकेत निघण्याची तारीख पक्की केली, तेवढी पक्की तयारी मागच्यांसाठी केली नाही, असं माझं मत आहे. सैन्य परत आणायचा निर्णय मात्र बरोबरच होता. आणखी दोन वर्षं थांबून काही सुधारलं असतं याचं एकही लक्षण दिसत नव्हतं.

परत आलेल्या जवानांचं मद्रास बंदरावर स्वागत झालं तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडून आलेल्या सैन्याचं स्वागत मी करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यात त्या जवानाचा काय दोष, तो हुकमावर गेला होता.

श्रीलंकेतही शांतता आली नाही. जून १९९० मध्येच प्रेमदासा सरकार आणि एलटीटीई यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं आणि ते थेट २००९ पर्यंत चाललं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. १ मे १९९३ ला प्रेमदासांनाही एलटीटीईनंच मारलं.

आपल्या जवानांचं स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेनं बांधलं, २००८ मध्ये. ५ एप्रिल २०२५ ला पंतप्रधान मोदींनी तिथं पुष्पचक्र वाहिलं तेव्हा त्याचे फोटो आपल्याकडच्या ग्रुपवरही फिरले. कारगिल विजय दिन आपल्या शाळांत होतो, १६ डिसेंबर माजी सैनिक पाळतात. २४ मार्च मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नसते.

१९८७ साली बावीस वर्षांचा असलेला जवान आज साठीच्या घरात आहे. नांदगाव, येवला, चांदवड, मालेगाव या तालुक्यांतल्या कुणाच्या घरी किंवा भावकीत 'शांतिसेने'त जाऊन आलेले काका-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसून त्यांना बोलतं करा. कुठल्या बंदरात उतरले, परत कधी आले, गावात आल्यावर कोण काय म्हणालं, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडं पाठवलंत तर नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारूनच ठरवू.