पाकीट हरवलं, भांडायचं कोणाशी?

भाचीची बारावीची मूळ मार्कशीट आणि जातीचा दाखला ताईने गावाहून पाठवला. पत्ता माझा, स्वारगेटचा. चौथ्या दिवशी मोबाइलवर मेसेज : "दार बंद होतं, डिलिव्हरी झाली नाही." अहो, मी दिवसभर घरातच होतो! पुढचे आठ दिवस नुसते फोन आणि तक्रार नंबर. शेवटी त्यांच्या ऑफिसात जाऊन मीच गठ्ठा उपसला, तेव्हा पाकीट सापडलं. तोवर भाचीची प्रवेशाची फेरी हुकली होती.

नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या कंपनीचा नाही.

इंग्रजांच्या १८९८च्या टपाल कायद्याने हरवलेल्या, उशिरा आलेल्या टपालाची जबाबदारी सरकारवरून जवळपास काढूनच टाकली होती. सव्वाशे वर्षांनी, २०२३ मध्ये आपण नवा कायदा केला. १८ जून २०२४ पासून तो लागू आहे. त्यातही तेच : नियमात लिहिली असेल तेवढीच जबाबदारी. आणि स्पीड पोस्ट हरवलं तर वर्षानुवर्षं चालत आलेला नियम काय? शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे पन्नास रुपयांच्या पाकिटाला शंभर रुपये. आत मार्कशीट असो नाहीतर लग्नपत्रिका!

खासगी कुरिअरचं वेगळं नाही. भरपाईची मर्यादा पावतीवर बारीक अक्षरात असते. खाली सही केली असेल तर ती मर्यादा ग्राहकावर बंधनकारक, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय.

दारावर येणाऱ्या पोरावर ओरडून उपयोग नाही. त्याच्या पाठीवर किती ओझं आहे ते दिसतंच. माझं म्हणणं एवढंच : 'दार बंद' लिहिण्याआधी ग्राहकाला फोन करणं सक्तीचं करा आणि मूळ कागदपत्रांची भरपाई शुल्कावर नाही, झालेल्या नुकसानीवर ठरवा.

तोवर आपण काय करायचं? पावती जपा, तिचा फोटो काढा. मौल्यवान वस्तूचा विमा काउंटरवरच उतरवा. तक्रार लेखी करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं, तेही आपण राहतो त्याच जिल्ह्यात. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

शंभर रुपयांसाठी कोण भांडणार, असं आपण म्हणतो. त्याच भरवशावर हे सगळं चाललंय.