फिरत्या घराच्या चाकांचें वय

अमेरिकेंत टेक्सासमध्यें राहणाऱ्या आमच्या एका वाचकांचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांचे आईवडील येत्या उन्हाळ्यांत पुण्याहून तिकडे जाणार आहेत. सर्व कुटुंबानें एकत्र प्रवास करावा म्हणून पत्रलेखकांनीं एक वापरलेलें मोटारहोम, म्हणजे स्वयंपाकघर, शेजघर व मोरी यांसह चालणारें घर, विकत घेतलें आहे. गाडीस ८ वर्षें झालीं, परंतु ती चालली आहे अवघी १९,००० मैल. सहाही टायर मूळचेच असून त्यांच्या खांचा नव्यासारख्या खोल आहेत. असें असतां एका मित्रानें सर्व टायर बदलण्याचा सल्ला दिला, आणि तो फोनवरून ऐकून वडिलांनीं विचारलें, "न झिजलेली वस्तु टाकून देणें ही कोणती रीत?" पत्रलेखक आमचें मत मागतात.

वडिलांचा प्रश्न आम्हांस मुळींच अयोग्य वाटत नाहीं. काटकसरीच्या घरांत वाढलेल्या माणसानें हेंच विचारावें. शिवाय चाकाविषयींचें आपलें जुनें ज्ञान बैलगाडीचें. लोहार चाकावर लोखंडी धाव चढवी. ती गाडी चालेल तितकी झिजे, आणि गाडी गोठ्याशेजारीं उभी राहिली तर धावेचें फारसें कांहीं बिघडत नसे. रबराचा धर्म वेगळा. १८३९ सालीं चार्लस गुडइयर यांस गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली हें खरें. पण टिकाऊ म्हणजे चिरंजीव नव्हे. हवेंतील प्राणवायु टायरमध्यें हळूहळू मुरतो व आंतील रबर कडक करतो. ओझोन वायु व ऊन हीं बाहेरून बारीक तडे पाडतात. तड्यांपासून रक्षण व्हावें म्हणून रबरांत मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात, परंतु टायर फिरतांना दबतो व लवतो तेव्हांच ते पृष्ठभागावर नीट पसरतात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीस हें संरक्षण पुरेसें मिळत नाहीं. सारांश, धाव झिजते ती चालून. रबर मात्र बसूनहि म्हातारें होतें. मोटारहोम वर्षांतले बहुतेक दिवस उभेंच असतें. म्हणून त्याचे टायर बहुधा झिजण्यापूर्वींच जीर्ण होतात.

हें आम्ही केवळ पुस्तकें वाचून लिहीत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं पुतण्याच्या अशाच गाडींतून आम्ही अॅरिझोनांत चाललों होतों. भर दुपारीं मागल्या चाकाचा टायर तोफेसारखा आवाज करून फुटला. मागें जोडचाकें असल्यामुळें दुसऱ्या चाकानें भार सांभाळला व गाडी रस्त्यावर राहिली. पण सुटलेल्या रबराच्या पट्ट्यानें वरचा पत्रा फाडला आणि पाण्याची नळी तोडली. आमच्या मातोश्री, वय ७८, नेमक्या त्याच चाकावरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना इजा झाली नाहीं; परंतु पुढले दोन तास त्यांनीं नातीचा हात सोडला नाहीं. फुटलेल्या टायरचें वय ९ वर्षें निघालें. आदल्याच दिवशीं त्याच्या खांचांत बोट घालून "हे अजून दोन वर्षें सहज जातील" असें सांगणारे आम्हीच होतों.

तेव्हां वय कसें ओळखावें, हें प्रथम सांगतों. टायरच्या बाजूस 'डीओटी' या अक्षरांनीं सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आंकडे वाचावे. ३५१७ असे आंकडे असल्यास तो टायर २०१७ सालच्या ३५ व्या आठवड्यांत तयार झाला. पूर्ण ओळ पुष्कळदां एकाच बाजूस असते. बाहेर दिसली नाहीं तर वांकून आंतली बाजू पाहावी. पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणत्याकडून तपासणी करावी व दहा वर्षें होतांच खांचा कशाहि असोत, टायर बदलावा, असें कांहीं टायर-कारखानदार सांगतात. कित्येक मोटार-कारखानदार सहा वर्षांचीच मर्यादा घालतात. जड भार आणि लांब विसावा हीं दोन्ही ज्याच्या वांट्यास आलीं, त्या फिरत्या घरास आम्ही सहा ते सात वर्षें पुरे समजतों. राखीव टायरचेंहि वय मोजावें. नवा टायर घेतांनासुद्धां आंकडे वाचावे. दुकानांत दोन वर्षें पडून राहिलेला टायर नव्या किंमतीला कां घ्यावा?

निवडीचें दुसरें सूत्र भार. मध्यम आकाराच्या अनेक मोटारहोमांना 'एलटी २२५/७५ आर १६' या मापाचे, 'ई' श्रेणीचे टायर असतात. त्यांवर ११५/११२ असा भारांक आढळतो. त्याचा अर्थ, एकटा टायर १,२१५ किलो व जोडींतला प्रत्येक टायर १,१२० किलो भार उचलूं शकतो, तोहि पूर्ण दाबाची हवा असेल तरच. स्वस्त मिळतो म्हणून कमी भारांकाचा, किंवा केवळ ओढगाडीसाठीं केलेला 'एसटी' टायर कदापि लावूं नये. जोडींतले दोन्ही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावे. नाहीं तर मोठ्यावर सारा भार पडतो. रबरी व्हॉल्व्हऐवजीं उच्च दाबाचे धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावे आणि ५० ते १०० मैलांनंतर चाकांचे नट पुन्हां तपासावे.

परंतु आपला भार किती, हें कितीजणांस ठाऊक असतें? एकत्र कुटुंबाची गाडी कशी भरते तें आपण जाणतोंच. आजी लोणच्याच्या बरण्या आणते, काकू तांदुळाची गोणी ठेवते, आणि पाण्याची टांकी भरली कीं दर लिटरामागें एक किलो वाढतो. म्हणून सर्व माणसें व सामान घेऊन हमरस्त्यावरील ट्रकांच्या वजनकांट्यावर गाडी एकदां न्यावी, प्रत्येक आंसाचें वजन घ्यावें आणि टायर-कारखान्याच्या कोष्टकावरून दाब ठरवावा.

दाब सकाळीं, गाडी हालण्यापूर्वीं मोजावा. चालल्यावर टायर तापून दाब वाढतो. तो पाहून हवा सोडणें ही मोठी चूक. अमेरिकेंत २००७ सालापासून नव्या हलक्या मोटारींस दाबसूचक यंत्र सक्तीचें झालें, परंतु १०,००० पौंडांहून जड किंवा जोडचाकांच्या गाड्यांस ती सक्ति नाहीं. तें यंत्र स्वखर्चानें बसवावें. जोडींतल्या आंतल्या टायरवर हातोडी ठोकून आवाजानें दाब कळत नाहीं. गाडी उभी ठेवतांना चाकांवर आच्छादन घालावें, पेट्रोलियमयुक्त चकाकी लावूं नये, आणि खालीं फळी ठेवल्यास टायरची सबंध रुंदी तिच्यावर येईल अशी असावी.

आतां पत्रलेखकांस उत्तर. सहाही टायर आईवडील येण्यापूर्वीं बदला. वडिलांशीं फोनवर वाद घालूं नका. जुन्या टायरवरील आंकड्यांचें छायाचित्र पाठवा व त्यांचा अर्थ त्यांनाच लावूं द्या. आणि ते तिकडे आले म्हणजे दाबमापक व एक वही त्यांच्या स्वाधीन करा. जे गृहस्थ घरांतल्या दुधाचा हिशेब चाळीस वर्षें चुकूं देत नाहींत, ते सहा टायरांचा दाब एक दिवसहि चुकूं देणार नाहींत.