न्यायासनाची पहिली पायरी

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. २००२ साली रद्द झालेली अट पुन्हा लागू झाली. निर्णय स्वागतार्हच आहे. कलमे मुखोद्गत असणे निराळे आणि पक्षकाराची व्यथा जाणणे निराळे.

परंतु अकलूजच्या शेतकऱ्याच्या मुलीने ही तीन वर्षे कशाच्या बळावर काढावीत? माळशिरसच्या न्यायालयात उमेदवारी करायची, तर घरचा आधार लागतोच. ज्येष्ठ वकिलांनी आपल्या कनिष्ठांना नियमित विद्यावेतन द्यावे; समाजातील दात्यांनीही हातभार लावावा. न्यायासन केवळ सधनांच्याच वाट्याला आले, तर रामशास्त्र्यांचा वारसा सांगण्याचा अधिकार आपल्याला उरेल काय?