त्या घरात दिवा होता

परवा आमच्या नातवाने ओक्लाहोमाहून फोटो पाठवला. काळा-हिरवा ढग, त्यातून जमिनीपर्यंत उतरलेली सोंड आणि खाली एक घर. घरच्या ग्रुपवर 'वा! अप्रतिम!'चा पाऊस पडला. मी फोटो मोठा करून पाहिला. त्या घरात दिवा होता.

तेव्हापासून झोप नीट नाही, म्हणून हे लिहिते. त्याने खुशाल रागवावे.

सदतीस वर्षे भूगोल शिकवला आहे, तेव्हा टोर्नॅडो कसा होतो ते मला सांगू नका. मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा येते, रॉकी पर्वताकडून कोरडी. उंचीबरोबर वारे दिशा बदलतात आणि अख्खा ढगच गरगरू लागतो. खाली सपाट माळ, मैलामैलावर काटकोनात छेदणारे रस्ते. फोटोवाल्यांना आणखी काय हवे? पण त्यातले कितीतरी रस्ते मातीचे. पाऊस झाला की चिखल, आणि गाडी रुतायची ती नेमकी तेव्हाच.

म्हणे शास्त्रासाठी! शास्त्रासाठी टिम समारास जात. २००३ साली साउथ डाकोटात मँचेस्टरजवळ त्यांनी ठेवलेल्या यंत्राने वायुदाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद केली. सावध म्हणून त्यांची ख्याती. ३१ मे २०१३ ला एल रेनोजवळचा टोर्नॅडो फुगून सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला, एकाएकी वळला, आणि समारास, त्यांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग तिघेही गेले. अशा माणसाचा हिशेब चुकला, आणि आमचे चिरंजीव एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाईल!

आता तर पैसे भरून टोर्नॅडो दाखवायच्या सहली निघतात. आकाश निरभ्र राहिले की प्रवासी हिरमुसतात. (आपल्याकडे पूर बघायला पुलावर गर्दी होते, त्यांनाही हेच सांगेन.)

एक मान्य. लांबच्या ढगाखाली जमिनीलगत काय चालले आहे ते रडारला दिसत नाही. म्हणून शिकलेली माणसे डोळ्यांनी बघून हवामान खात्याला कळवतात. त्यांना माझा नमस्कार.

म्हणून नातवाला एवढेच विचारले, "फोटो काढण्याआधी कुणाला कळवलेस का रे?"

"आजी, तेव्हा सिग्नलच नव्हता."

फोटो ग्रुपवर आल्याची वेळ मी पाहिली आहे. सिग्नल होता. आणि त्या घराचे पुढे काय झाले, ते त्याला ठाऊक नाही.