थ्रेड : कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला कापडाची पारख का उरली नाही?

ज्या गावाच्या नावातच 'बाजार' आहे, त्या शेलूबाजारची मी रहिवासी. आठवडी बाजारात ताडपत्रीवर तयार कपड्यांचे ढीग पडतात आणि त्यांभोवती हातांची गर्दी होते. त्या गर्दीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण गेल्या वर्षी मी स्वतःच फसले. पहिल्या शोधनिबंध-वाचनासाठी मोबाइलवरून तीन कुर्ते मागवले. वर्णनात 'कॉटन' हा शब्द होता. त्यापुढचा 'ब्लेंड' मी वाचलाच नाही. आजीने एका कुर्त्याची कड चिमटीत धरून चोळली, उजेडासमोर धरली आणि एवढेच म्हणाली, "धुतल्यावर सांगजो मले."

चौथ्या धुण्यानंतर सांगण्यासारखे काही उरले नव्हते. अंगभर गोळे आले होते आणि खांद्यावरची शिवण पिळून पाठीकडे गेली होती.

आजीने शाळा पाहिलेली नाही. मी इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. जे तिला दहा सेकंदांत कळले ते मला का कळले नाही, हा प्रश्न मला घरगुती वाटत नाही. त्याच्या उत्तराचा एक धागा १८६९ पर्यंत जातो.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी आपल्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. पुढे या प्रदेशासाठी खास कापूस आयुक्त नेमण्यात आला. त्याचे नाव हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याने १८६९ च्या सुमारास मांडलेला हिशेब इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावा. रेल्वेचा फाटा इथवर आला की विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकता येईल. मग इथे सुतासाठी खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. अशी आशा त्याने व्यक्त केली होती, आणि तीही उघडपणे, कोणतीही लाज न बाळगता. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा आणि कापूस बाजार सुरू झाला.

या घटनेचा आर्थिक अर्थ आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मला तिचा दुसरा अर्थ अधिक बोचतो. कोष्टी, साळी आणि जाडेभरडे कापड विणणारे महार विणकर यांच्याकडून कापड घेणारा माणूस विणणाऱ्याला ओळखत असे. सूत कसे आहे, वीण घट्ट की विरळ, हे तो विचारू शकत होता. मागाचा आवाज थांबला आणि ही विचारपूसही हळूहळू थांबली. उरली ती किंमत. आजीच्या पिढीपर्यंत बोटांत थोडी पारख टिकली. माझ्या पिढीकडे फक्त चित्र आणि त्याखालचे तारे आले.

इथे एक सावधगिरी. 'पूर्वीचे लोक मोजके कपडे वापरत, म्हणून ते शहाणे होते' असे सांगणारे अनेक व्हिडिओ हल्ली फिरतात. हा शुद्ध भाबडेपणा आहे. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचणाऱ्याला मोजक्या वस्त्रांचे कौतुक करवत नाही. जुने लुगडे मधोमध विरले की तेवढा भाग कापून उरलेले तुकडे जोडत. त्याला 'दंड घालणे' म्हणत. ते कसब होते हे खरे, पण ते नाइलाजाचे कसब होते. त्याला 'मिनिमलिझम' म्हणणे ही त्या बायकांची थट्टा आहे.

उलट, आपल्या इतिहासातील ज्या माणसांनी वेशाचा खरोखर विचार केला, त्यांनी तो काटकसरीच्या नव्हे, प्रतिष्ठेच्या अंगाने केला. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, खादी नेसून गेले. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्कारसमारंभात जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात उपस्थित राहिले. जरीच्या गर्दीतील तो वेश हेच त्यांचे निम्मे भाषण होते.

आणि महाड. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले. जातीची खूण ठरलेली नेसण आणि अंगावरचे जड दागिने सोडा, उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नेसा, कपडा जुना असला तरी स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. या उपदेशातील व्यवहारज्ञान माझ्या मते दुर्लक्षित राहिले आहे. नेसण बदलायला पैसा लागत नाही. घरात आहे तेच वस्त्र वेगळ्या रीतीने अंगावर आले की समोरच्याची नजर बदलते. वस्त्रसंग्रहाविषयी याहून नेमका सल्ला मला आजवर कुठे मिळालेला नाही.

'पण गाडगेबाबा?' असे कुणी विचारील, तेही रास्त. चिंध्यांचा तो अंगरखा, हातात खराटा. आमच्या अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. मात्र बाबांच्या चिंध्या हा त्यांनी स्वतः केलेला स्वीकार होता. गावातून प्रथमच विद्यापीठात येणाऱ्या मुलीला 'साधेपणाने राहा' असे सांगताना आपण तिच्यावर तोच वेश लादत असतो. तिला मुलाखतीला जायचे असते, व्यासपीठावर उभे राहायचे असते. खोलीत शिरताक्षणी लोक आधी तिचा कुर्ता वाचतात आणि मग तिचा निबंध ऐकतात. हे अन्याय्य आहे, तरी आहे. म्हणून तिने कपड्यावर पैसे खर्च करावेत असेच माझे मत आहे. फक्त ते चित्रावर नव्हे, कापडावर करावेत.

म्हणजे नेमके काय? मी या वर्षी शिकले ते सांगते. कापड उजेडासमोर धरावे. धाग्यांतून दिवा स्पष्ट दिसला तर वीण विरळ आहे. कड जोराने चोळावी. पांढरी भुकटी झडली तर ती खळ आहे, पहिल्याच धुण्यात जाईल आणि कापड लोळागोळा होईल. कडेचा एखादा सुटा धागा मिळाला तर घरी तो चिमट्याने धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते; पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. सुताचा नंबर विचारायला लाजू नये. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. नंबर वाढला की सूत बारीक. बारीक म्हणजे नेहमीच चांगले, असे मात्र नाही. रोज एसटीने ये-जा करणाऱ्याला मध्यम सुताचे, घट्ट विणीचे कापडच अधिक टिकते.

आणि तयार कपडा उलटा करून शिवण पाहावी. शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड राखतो, त्याला मराठीत 'माया' म्हणतात. किती सुंदर शब्द! माया असली की अंग भरल्यावर तोच कपडा उसवून सैल करता येतो. ढिगातल्या किंवा मोबाइलवरच्या स्वस्त कपड्यांत बहुधा तीच काटलेली असते.

खादीच घ्या, हातमागच घ्या, असा आग्रह मी धरणार नाही. चांगले हातमागाचे कापड विद्यार्थ्याच्या खिशाला नेहमी परवडत नाही. ज्याला परवडते त्याने अवश्य घ्यावे. गिरणीचे सुती कापडही वाईट नव्हे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून वैदर्भीय माणूस गिरणीचे कापड वापरतो आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. विस्मृती एवढीच की आपण त्याला हात लावून पाहणे सोडले. आता आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा सोयाबीनच अधिक दिसते, त्यामुळे कापूस तरी ओळखतो म्हणण्याची सोयही संपत चालली आहे.

एक हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. ते तीन कुर्ते मिळून पंधराशेला पडले आणि सगळे मिळून दहा-बारा वेळा अंगावर आले. यंदा तेवढ्याच पैशांत गावातून दोन कुर्त्यांचे सुती कापड घेतले, शिलाईसह. एक गडद निळा, एक मातकट. दोन्ही माझ्याकडच्या पांढऱ्या सलवारीवर आणि आईच्या जुन्या ओढणीवर चालतात. नवे असे दोनच नग, पण जोड्या चार-पाच होतात. शिवायला देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवले, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटून गेले.

माप घेताना शिंप्याने विचारले, "माया किती ठेवू?" मी आजीकडे पाहिले. तिने उत्तर न देता दोन बोटे पुढे केली.