मे महिन्याची उमेदवारी कोणासाठी?

परीक्षा संपल्या म्हणजे मे महिन्यात मुंबईच्या वस्त्यांतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे जथे हिंडू लागतात. गळ्यात संस्थेचे ओळखपत्र आणि हातात छापील प्रश्नावली घेऊन ते घरोघर जातात. नळाला पाणी किती वाजता येते, शौचालय किती अंतरावर आहे, मुलगी शाळेत जाते काय, असे प्रश्न विचारतात आणि महिना संपला की निघून जातात. या प्रकाराला इंटर्नशिप म्हणतात. आम्ही तिला उमेदवारी म्हणू. काम शिकण्यासाठी काम करणे या अर्थाचा तो आपल्या भाषेतील जुना शब्द आहे.

ही प्रथा मुळात वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. शिकलेल्या माणसाने गरिबांच्या वस्तीत जाऊन तेथील प्रश्न समजून घ्यावेत, या विचाराने लंडनमध्ये १८८४ साली टॉयनबी हॉल आणि शिकागोत १८८९ साली हल हाऊस ही केंद्रे निघाली. हल हाऊसशी निकटचा संबंध असलेले तत्त्ववेत्ते जॉन ड्यूई हे पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झाले. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत असेच केंद्र चालविणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९३६ साली निघालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेचे पहिले संचालक होते. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तेव्हा या कामाची परंपरा थोर आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ही उमेदवारी आज कोणाला परवडते हा.

कायद्याच्या विद्यार्थ्याचेच उदाहरण घेऊ. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे उमेदवारी केलीच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी त्याबद्दल एक पैसाही मिळत नाही. ज्याच्या घरची चूल त्याच्या कमाईवाचून पेटते, तो सुखाने एक महिना फुकट काम करतो. आमच्या वस्तीतील मुलगा मात्र त्याच महिन्यात पुढच्या वर्षाची फी जमविण्यासाठी भिवंडीच्या गोदामात खोकी उचलीत असतो, नाही तर लग्नाच्या हंगामात वाढप्याचे काम करीत असतो. आठवडे भरल्याचा दाखला तो कोठून तरी मिळवितो, काम मात्र त्याला शिकावयास मिळत नाही. परिणाम असा की, वस्तीला प्रश्न विचारणारे बाहेरून येतात आणि वस्तीतला शिकलेला मुलगा वस्तीबाहेर हमाली करतो. ही व्यवस्था आम्हांस मान्य नाही.

आपल्याच मुलाला चार आठवडे वस्तीत बसविले तर तो काय करील, असे कोणी विचारील. पुष्कळ करील. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र-अपात्रांची जी यादी लागते, तिला परिशिष्ट-दोन म्हणतात. त्या यादीत नावापुढे 'अपात्र' असा एक शब्द असतो व त्या एका शब्दाने तीस वर्षांचे घर जाऊ शकते. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा पेटीत असतो, परंतु विजेचे बिल मयत बापाच्या नावाचे, मतदार यादीत नाव अर्धवट, आणि एका कागदावर जुने आडनाव तर दुसऱ्यावर नवे! हे कागद तारखेवार लावून मुदतीत आक्षेप नोंदविणे हे मोठ्या विद्वत्तेचे काम नाही. त्याला चिकाटी लागते, आणि कोणत्या घरात कोणती पेटी आहे याची माहिती लागते. ती बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला नसते.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातात, अशी भीती नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना अजूनही कोणी कोणी घालतात. १९९० च्या दुरुस्तीने तो प्रश्न निकालात निघाला आहे. परंतु दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आजोबा कोठे राहत होते, हे दाखवावे लागते. मुंबईत जन्मलेल्या मुलाला आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल मिळविण्यासाठी सातारा, रत्नागिरी किंवा बीड गाठावे लागते. जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी हे कळून उपयोग नाही. मे महिन्यात कळले तर एस.टी.ने जाऊन येता येते.

शिवाय, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. तो अर्ज भरून देणारा कोणी जवळ नसतो म्हणून आमच्या भगिनी दागिने गहाण ठेवून फी भरतात.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. विद्यार्थी म्हणजे वकील नव्हे. त्याने सल्ला देऊ नये, कोणाच्या वतीने उभे राहू नये, आणि अनुभवी वकिलाच्या नजरेखालीच काम करावे. कुटुंबांनीही मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नये, मग तो आपला असो की परका. छायाप्रत द्यावी.

आता पैशाचा प्रश्न. समाजसेवेचे पैसे कसले, असे काही मंडळी म्हणतात. हे बोलणे भरल्या पोटाचे आहे. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. विद्यावेतन घेण्यात कमीपणा असता तर तो त्यांना प्रथम वाटला असता. एप्रिलमध्ये जयंतीला प्रत्येक वस्तीत वर्गणी जमते आणि मंडप, रोषणाई व ध्वनिक्षेपकावर तिचा मोठा भाग जातो. उत्सव बंद करा असे आम्ही सांगत नाही. त्यातील काही भाग बाजूला काढून विहार समितीने दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचा आणि शक्य तेथे एका विद्यार्थिनीचा लोकलचा पास, जेवण आणि गोदामात मिळाली असती तेवढी मजुरी द्यावी. बसण्यास विहाराची खोली आहेच.

प्रत्येक घराचे काम कोठवर आले, याची एक वही विहारात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून विचारीत बसावे लागणार नाही. नियमांप्रमाणे एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक उमेदवारी करता येत नाही, म्हणून कामाची वाटणी आधीच ठरवावी. अर्ज फेब्रुवारीतच मागवावेत. महाविद्यालयाची संमती आणि वकिलाचे पत्र मिळेपर्यंत मार्च निघून जातो.