म्हैस पारखून घेता, मग मोटारसायकल का नाही?

बाजारात म्हैस घ्यायला गेलो की आपण काय करतो? दात बघतो, सड बघतो, कितव्या वेताची आहे ते विचारतो, दोन वेळा पिळून बघतो आणि मगच भावाचे बोलतो. जमीन घ्यायची तर सातबारा, फेरफार आणि शिवाय बांधावरच्या शेजाऱ्यांना विचारपूस. पण हाच माणूस अडीच-तीन लाखांची मोटारसायकल घ्यायला तालुक्याला जातो तेव्हा ही सगळी हुशारी घरी ठेवून जातो. मुलगा रंग निवडतो, बाप दाखवतील तिथे सह्या करतो, गाडीला हार घातला जातो, फोटो निघतो आणि संध्याकाळी गावात पेढे वाटले जातात. ही गाडी तीन वर्षांनी विकायला काढली तर काय येईल, हा प्रश्न त्या गडबडीत कुणी विचारतच नाही.

शेतकरी बंधूंनो, गाडी घेऊच नका असे सांगण्यासाठी हे लिहीत नाही. हौसेला मोल नसते, हे खरेच आहे. पण हौस केवढ्याला पडणार, ते आधी कळलेले बरे. माझे म्हणणे सरळ आहे. तीनशे सीसीच्या पुढची नवी गाडी हप्त्यावर घेणे हा शेतकऱ्याच्या घराला न परवडणारा व्यवहार आहे. घ्यायचीच असेल तर तीन-चार वर्षे वापरलेली घ्या, रोखीने घ्या आणि घेतल्याबरोबर नावावर करून घ्या.

आता हिशेब बघू. गाडीची किंमत वर्षागणिक किती धरायची, याचे एक कोष्टक विमा कंपन्यांकडे ठरलेले असते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, एक वर्षाच्या आत १५, एक ते दोन वर्षे २०, दोन ते तीन वर्षे ३०, तीन ते चार वर्षे ४० आणि चार ते पाच वर्षे ५० टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. विम्याच्या कागदावर ‘आयडीव्ही’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो हाच. बाजारात भाव थोडा खाली-वर होतो, पण अंदाजाला हे माप चांगले आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही टक्केवारी गाडीच्या शोरूम किमतीवर धरतात. तुम्ही भरलेला रस्ता कर आणि नोंदणीचा खर्च त्यात नाही. महाराष्ट्रात २९९ सीसीच्या पुढच्या दुचाकीला किमतीच्या १२ टक्के कर एकरकमी भरावा लागतो. तो पैसा गाडी विकताना सुटा करून कुणी देत नाही.

समजा गाडीची शोरूम किंमत २ लाख ५० हजार आहे. कर ३० हजार, त्यावर विमा, नोंदणी आणि वरखर्च धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ३ लाख होतात. तुम्ही ५० हजार रोख भरले आणि अडीच लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्के ‘फ्लॅट’ दराने काढले. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण अडीच लाखांवरच. व्याज झाले ९० हजार, हप्ता ९ हजार ४४४ रुपये. ऐकायला १२ टक्के वाटतो, पण घटत्या शिलकीवर मांडला तर हाच दर २१ टक्क्यांच्या घरात जातो. पीक कर्जाला एक-दोन टक्क्यांसाठी मोर्चे काढणारे आपण, इथे डोळे झाकून सही करतो.

बरे, वर्षभराने अडचण आली. पाऊस दगा देऊन गेला, की कांदा मातीमोल झाला. गाडी विकायची ठरली. तोवर तुमचे रोख ५० हजार आणि बारा हप्त्यांचे १ लाख १३ हजार, असे १ लाख ६३ हजार गेलेले आहेत. कोष्टकाप्रमाणे गाडी आता २ लाखांची. कर्जाची मुद्दल अजून १ लाख ८३ हजारांच्या आसपास बाकी. म्हणजे हातात सतरा हजार, आणि मुदतीआधी कर्ज मिटवण्याचा आकार लागला तर तेही नाहीत. एका वर्षाच्या फिरण्याचे जवळजवळ दीड लाख! महिन्याला बारा हजार, तेही पेट्रोल सोडून. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो, आपले उत्पन्न मात्र हंगामाला येते. उसाचे बिल कधी येईल याची वाट हप्ता बघत नाही.

आता दुसरी बाजू. तीच गाडी तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोष्टकाप्रमाणे दीड लाखाची होते. ती तुम्ही रोखीने घेतली आणि पाच वर्षे भरत आली तेव्हा विकली, तर सव्वा लाखाची. पहिल्या मालकाचे तीन वर्षांत दीड लाख गेले, तुमचे पावणेदोन-दोन वर्षांत पंचवीस हजार. आणखी एक फायदा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तिसऱ्या पक्षाचा विमा सुरुवातीलाच भरावा लागतो. त्याची उरलेली मुदत गाडीबरोबर तुमच्याकडे येते.

किंमत फक्त झिजेने उतरते असेही नाही. मालक घरी झोपलेला असताना दिल्लीत एक निर्णय होतो आणि दारातल्या गाडीचा भाव बदलतो. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १ एप्रिलपासून बीएस-३ इंजिनाच्या नव्या गाड्या विकता येणार नाहीत. दोन दिवसांत कंपन्यांनी हजारोंची सूट देऊन माल काढला. आठवडाभर आधी पूर्ण किमतीला घेणारा हात चोळत बसला. २०२० मध्ये बीएस-४ चे तसेच झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. बुलेटच्या कंपनीने ३५० सीसीच्या गाड्या बावीस हजारांपर्यंत स्वस्त केल्या. नवीच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला कालचा भाव कोण देणार? उलट ३५० च्या पुढच्या गाड्यांवरचा कर उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. दोन्ही गाड्या त्याच, मालकही तेच. एकाचे नशीब खाली गेले, दुसऱ्याचे थोडे वर.

कधी कंपनीच गाशा गुंडाळते. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातला आपला कारखाना आणि विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात हीरो कंपनीशी करार होऊन सुट्या भागांची आणि दुरुस्तीची सोय लागली, हे खरे. पण अशा वेळी गाडीत बिघाड नसला तरी घेणारा बिचकतो, आणि घेणारा बिचकला की भाव पडतो.

मग भाव टिकतो कुणाचा? ज्या गाडीचा मिस्त्री तालुक्यात आहे आणि सुटे भाग जिल्ह्यात मिळतात, तिचा. जुन्या लोकांना ३२५ सीसीची डिझेल बुलेट आठवत असेल. वेग बेताचाच, आवाज पाणी उपसायच्या इंजिनासारखा. पण डिझेल इंजिनाची दुरुस्ती करणारा माणूस गावोगाव होता, म्हणून शेतकऱ्याने ती सांभाळली. १९९६ मध्ये बंद झालेल्या यामाहा आरएक्स-१०० ला आज घेणारे शोधत येतात. मात्र हे उदाहरण देऊन कुणी तुम्हाला “गाडी म्हणजे सोनं आहे, भाव वाढतोच” असे सांगितले तर विश्वास ठेवू नका. ती हौशी लोकांची खरेदी आहे. शंभरातल्या एखाद्या गाडीला ते भाग्य मिळते, बाकीच्या भंगारात जातात. चाकणला बनणाऱ्या केटीएम आणि ट्रायम्फ या गाड्या चांगल्याच आहेत. पण त्यांचे सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून ऐंशी किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक दुरुस्तीला एक दिवस, एक मजुरी आणि टेम्पोभाडे जमेस धरा. गिऱ्हाईकही ते धरतेच.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. चेनसेट, क्लच प्लेट आणि टायर संपत आले असतील तर मोठ्या गाडीला तो खर्च मोठा असतो, तेवढे भावातून कापा. फटाके वाजवणारा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळचा मागून घ्या, नाहीतर पहिल्याच नाक्यावर पोलीस अडवतील. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते, आणि ते आपल्याच उसाचे, मक्याचे आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग त्यासाठी तयार केलेले असतात. त्याआधीच्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर मिस्त्रीकडून तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचे, कागद. आरसी बुक हा गाडीचा सातबारा आहे. त्यावर फायनान्सचा बोजा म्हणजे ‘एचपी’ चढलेली असेल तर ती उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. “हप्ते भरून झालेत, फक्त एचपी काढायची राहिली आहे” हे वाक्य ऐकले की बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ मागा. ई-चलनाचे थकलेले दंड मोबाईलवर बघता येतात, ते मिटवून घ्या. पंधरा वर्षांवरची गाडी असेल तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरला आहे का ते बघा.

आपल्याकडे मात्र टीटी फॉर्मवर सही घेतली की व्यवहार संपला असे समजतात. तो कागद पाकिटात वर्षानुवर्षे फिरतो आणि गाडी तीन माणसांच्या हातून जाते. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे, असा कायदा आहे. न कळवल्याचे फळ काय? एक मोटार २००७ मध्ये विकली गेली, पुढे हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात एक मुलगा दगावला. आरसीवर नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून पैसे खर्चून बसलेल्या माणसावर अशी वेळ येते. घेणाराही सुटत नाही. गाडी चोरीला गेली आणि विमा जुन्या मालकाच्या नावावर असला तर भरपाई मागायची कुणी?

आणखी दोन गोष्टी बोलायच्या राहिल्या. पहिली लग्नातल्या बुलेटची. जावयाला मोठी गाडी द्यायची पद्धत पडत चालली आहे. कर्ज मुलीच्या बापाच्या नावावर, गाडी जावयाच्या दारात. गाडीची किंमत तिकडे उतरते आणि हप्ता इकडे चालू राहतो. मागितलेली गाडी हा हुंडाच आहे, आणि हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरी गोष्ट भूसंपादनाच्या मोबदल्याची. समृद्धी महामार्गाला जमिनी गेल्या, हातात एकदम पैसा आला, तेव्हा मोठ्या गाड्या घेणारेही निघाले. त्या महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. जमीन पुन्हा मिळत नाही, आणि गाडीची किंमत तर वर सांगितल्याप्रमाणे पाच वर्षांत अर्ध्यावर येते.

शेवटी गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द. पतसंस्थेच्या संचालकांनी जुन्या गाडीवर कर्ज देताना विम्याच्या कागदावरचा आकडा बघावा, आणि आरसीवर कर्जदाराचे नाव आणि संस्थेचा बोजा चढल्याशिवाय रक्कम सोडू नये. ओळखीवर दिलेले कर्ज सभासदांच्या ठेवीतून जाते. पोलीस पाटलांना गावात कुणाच्या दारात कुणाच्या नावाची गाडी आहे हे ठाऊक असते. त्यांनी अपघात होण्याआधीच त्या दोघांना बोलावून समजावावे. ग्रामसेवकांनी आरटीओच्या तालुक्यातल्या कॅम्पची तारीख फळ्यावर लिहावी आणि त्याखाली एक ओळ वाढवावी: जुनी गाडी घेतली-विकली असेल त्यांनी आरसी, विमा आणि आधार घेऊन यावे. दोघांनी एकाच दिवशी जायचे, एकाच टेबलावर सह्या करायच्या आणि नाव बदलल्याची पावती हातात घेऊनच परतायचे. राहिलेले पैसे त्या पावतीनंतरच द्यावेत.